नोंद आणि अंदाज

आईने सत्तरी ओलांडली त्या वर्षी आमच्या डॉक्टरांनी तिला फ्लूची लस घ्यायला लावली. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्यांनी पुन्हा तेच सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “डॉक्टर, मागच्या वर्षी घेतली की! ह्या माझ्या लेकाला लहानपणी गोवराची टोचली, ती अजून पुरतेय. मग ही दर वर्षी कशाला?” डॉक्टर म्हणाले, “काकू, हा विषाणू सारखा रूप बदलतो. जुन्या लसीला तो ओळखू येत नाही.” आई जरा थांबली आणि तिने विचारले, “पण लस तर आधीच करून ठेवलेली असते ना? मग यंदा तो कोणतं रूप घेणार, हे करणाऱ्यांना आधी कसं कळतं?”

बाहेर पेशंट खोळंबले होते. “अंदाज बांधतात,” एवढेच सांगून डॉक्टरांनी सुई टोचली. आईचा पहिला प्रश्न पुष्कळांना पडतो आणि त्याचे उत्तर कुठेही मिळते. दुसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. हे पुस्तक त्या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहिले आहे. अंदाज कोण बांधते, कशावरून बांधते, तो चुकतो तेव्हा नेमके काय चुकते आणि तो सुधारण्यासाठी गेल्या पंचवीस वर्षांत काय काय झाले, ही या पुस्तकाची कथा आहे.

गोवराशी केलेली आईची तुलना चांगली होती. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या गोवराच्या बहुतेक लसी १९५४ मध्ये बोस्टनमधल्या एका शाळकरी मुलापासून मिळवलेल्या विषाणूच्या वंशातल्या आहेत. सत्तर वर्षे झाली तरी त्या काम देतात. फ्लूची लस मात्र दोन-चार वर्षांत जुनी होते. दोन्ही विषाणूंचे जनुकीय साहित्य आरएनएचे आहे आणि स्वतःच्या प्रती काढताना दोघेही चुका करतात. त्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा फ्लूच्या विषाणूकडे नाही. त्याचे सगळे जनुकीय लेखन जेमतेम साडेतेरा हजार अक्षरांचे आणि आठ तुकड्यांत विभागलेले. एकेका नव्या प्रतीत एखाद-दुसरे अक्षर चुकतेच. पण चुका गोवराचा विषाणूही करतो. फरक आहे तो चुका पचवण्यात. गोवराच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनात बदल झाला, तर बहुधा ते प्रथिन निकामी होते. फ्लूच्या विषाणूचे हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन मात्र विलक्षण सोशिक. मशरूमसारखा त्याचा आकार, खाली देठ आणि वर डोके. या डोक्यावरच आपल्या प्रतिपिंडांचा रोख असतो आणि नेमके तेच डोके असंख्य बदल सोसून पेशीला चिकटण्याचे आपले काम चालू ठेवते.

म्हणजे विषाणू ठरवून वेषांतर करतो असे काही नाही. तो आंधळेपणाने चुकत राहतो. त्यातल्या बहुतेक चुका त्यालाच मारतात. एखादी चूक मात्र अशी निघते, की गेल्या वर्षी फ्लू होऊन गेलेल्या किंवा लस घेतलेल्या माणसाचे प्रतिपिंड तिच्यावर नीट बसत नाहीत. ती प्रत तगते, पसरते आणि पुढच्या साथीची पूर्वज होते. निवड करतो तो आपल्या सगळ्यांच्या रक्तातला प्रतिकार. फ्लूच्या विषाणूचा अंदाज बांधायचा म्हणजे एका परीने माणसांच्या रक्तात साठलेल्या आठवणींचाच अंदाज बांधायचा. हे सूत्र पुस्तकभर पुन्हा पुन्हा भेटेल.

या कथेची सुरुवात लंडनमध्ये १९३३ साली होते. त्याच्या पंधरा वर्षे आधी, १९१८ च्या साथीने जग हादरले होते. एकट्या हिंदुस्थानात त्या साथीत दगावलेल्यांचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत जातात. एवढे बळी घेऊनही तो रोग कशामुळे होतो, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. १९३३ मध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशातून घेतलेला द्रव गाळून फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या नाकात सोडला. फेरेटला ताप आला, शिंका सुरू झाल्या. पुढे एक आजारी फेरेट विल्सन स्मिथ यांच्या तोंडावर शिंकला आणि तेच आजारी पडले. त्यांच्या घशातून मिळालेला विषाणू आजही त्यांच्या आद्याक्षरांनी ओळखला जातो. माणसासारखाच फ्लू होणारा हा प्राणी तेव्हापासून या शास्त्राचा सोबती झाला. आजही एखादा नवा विषाणू जुन्यापेक्षा किती वेगळा आहे हे ठरवताना फेरेटचेच रक्तद्रव वापरतात.

लस आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, अमेरिकेत. थॉमस फ्रान्सिस आणि त्यांचे तरुण सहकारी जोनास साल्क यांनी अमेरिकी सैनिकांवर तिच्या चाचण्या घेतल्या. ती उपयोगी ठरली आणि प्रश्न मिटला असे वाटले. १९४७ मध्ये फ्लूची साथ आली, तेव्हा तीच लस घेतलेली माणसे लस न घेतलेल्यांइतकीच आजारी पडली. लस बिघडलेली नव्हती, विषाणू पुढे निघून गेला होता. एका वर्षाचे यश पुढच्या वर्षी हाताशी राहीलच असे नाही, हा धडा तेव्हा मिळाला. जगभर नजर ठेवल्याशिवाय या रोगावर लस टिकणार नाही हे उमगले आणि १९५२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लूवर पाळत ठेवणारे जाळे उभे केले. योगायोग असा, की त्याच वर्षी पुण्यात भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. आज आपण त्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतो. फ्लूच्या जागतिक जाळ्यातले ते भारताचे केंद्र आहे.

आज या जाळ्यात सुमारे १३० देशांतल्या दीडशेहून अधिक प्रयोगशाळा आहेत. ठिकठिकाणच्या दवाखान्यांत तापाच्या रुग्णांच्या नाका-घशातून स्वॅब घेतले जातात. त्यांतले निवडक विषाणू लंडन, अटलांटा, मेलबर्न, टोकियो आणि बीजिंग इथल्या मुख्य केंद्रांकडे जातात. वर्षातून दोनदा तज्ज्ञ एकत्र बसतात. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धातल्या येत्या हिवाळ्यासाठी, तर सप्टेंबरात दक्षिण गोलार्धातल्या पुढच्या हिवाळ्यासाठी लसीत कोणते विषाणू घालावेत याची शिफारस होते.

निर्णय इतका आधी का, याचे उत्तर बरेचसे कोंबडीच्या अंड्यात आहे. आजही जगातली बहुतेक फ्लूची लस अंड्यांत वाढवलेल्या विषाणूपासून बनते. निवडलेला विषाणू अंड्यात भरघोस वाढावा म्हणून पोर्तो रिकोमध्ये १९३४ साली मिळालेल्या एका जुन्या, अंड्यांना सरावलेल्या विषाणूशी त्याचा संकर करतात. मग कोट्यवधी अंडी, शुद्धीकरण, चाचण्या, बाटल्या भरणे. या सगळ्याला सहा-सात महिने लागतात. एवढ्या काळात विषाणू काही थांबून राहत नाही. फेब्रुवारीत निवडलेल्या रूपाची गाठ डिसेंबरातल्या विषाणूशी पडायची असते.

कोरडवाहू शेतकऱ्याला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. बी कोणते घ्यायचे हे मृग लागण्याआधी ठरवावे लागते आणि ते चांगले ठरले की नाही हे पाऊस सरल्यावर कळते. एकदा पेरले की बी बदलता येत नाही, फार तर दुबार पेरणी करता येते. लसीच्या बाबतीत तीही सोय नाही.

हा अंदाज चुकतो तेव्हा काय होते, हे पुस्तकातल्या दोन प्रकरणांत सविस्तर येईल, कारण यशापेक्षा या चुकांनीच या शास्त्राला अधिक शिकवले. २००३ च्या सुरुवातीला तज्ज्ञांपुढे एच३एन२ या फ्लूच्या एका प्रकारच्या विषाणूचे फुजियान नावाचे नवे रूप आले होते. ते पसरण्याची शक्यता दिसत होती. पण लसीसाठी चालेल असा फुजियान विषाणू अंड्यांत वेळेवर वाढेना, म्हणून जुनेच रूप लसीत ठेवावे लागले. त्या हिवाळ्यात फुजियानचीच साथ आली. इथे अंदाज चुकला नव्हता, हात बांधलेले होते. २०१४ ची गोष्ट वेगळी. फेब्रुवारीत निर्णय झाला आणि मार्चअखेरीस अमेरिकेत बदललेला एच३एन२ दिसू लागला. हिवाळ्यापर्यंत त्यानेच बाजी मारली. त्या हंगामात अमेरिकेत लसीची परिणामकारकता १९ टक्क्यांवर आली. एरवी, लस आणि विषाणू जुळतात तेव्हा, ती ४० ते ६० टक्के असते. २०१९ मध्ये तज्ज्ञांनी आणखी एक वाट चोखाळली. एच३एन२ चे चित्र फेब्रुवारीत धूसर होते, म्हणून त्या एका घटकाचा निर्णय त्यांनी २१ मार्चपर्यंत लांबवला. महिनाभर जास्त पाहता यावे यासाठी कारखान्यांचा महिना खर्ची घातला. एकेका आठवड्याची किंमत या कामात अशी मोजावी लागते.

अंडे आणखी एका प्रकारे दगा देते. माणसाच्या श्वासनलिकेत वाढणारा विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवला, की तो पक्ष्याच्या पेशींशी जुळवून घेतो आणि त्या खटपटीत त्याचे डोकेच थोडे बदलते. २०१६-१७ च्या हंगामात असेच घडले. बाहेर फिरणाऱ्या एच३एन२ च्या डोक्यावर शर्करेच्या रेणूचे नवे आवरण आले होते. अंड्यात वाढवलेल्या लसीच्या विषाणूने ते टाकून दिले. निवड योग्य होती, पण लसीतून शरीराला दाखवला गेलेला चेहरा बाहेर हिंडणाऱ्याचा नव्हता. पेशींत वाढवलेल्या किंवा जनुकतंत्राने केलेल्या लसींचे महत्त्व यामुळे वाढले आहे. निर्णयापासून कुपीपर्यंतचा काळ कमी झाला, तर अंदाजावरचे ओझेही तेवढेच हलके होईल.

आता खुद्द अंदाजाकडे वळू. तो बांधायच्या चार वाटा या पुस्तकात सांगितल्या आहेत. चारही वाटांनी जगभरचे संशोधक आज एकाच वेळी चालत आहेत.

पहिली वाट नकाशाची. नवा विषाणू जुन्यापेक्षा किती दूर गेला हे कसे मोजायचे? हा विषाणू तांबड्या रक्तपेशींची गुठळी करतो आणि योग्य प्रतिपिंड असले तर ती होत नाही, या १९४० च्या दशकापासून वापरात असलेल्या साध्या चाचणीतून हजारो आकडे जमा झाले होते. डेरेक स्मिथ, अॅलन लॅपेडिस, रॉन फूशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये त्या आकड्यांतून नकाशा काढला. गावांमधली अंतरे ठाऊक असली की नकाशा मांडता येतो, तसेच. १९६८ ते २००३ या काळातले एच३एन२ चे २७३ विषाणू त्यावर मांडले, तेव्हा ते सलग पसरलेले दिसले नाहीत. त्यांच्या अकरा वस्त्या दिसल्या. विषाणू एका वस्तीत काही वर्षे रेंगाळतो आणि मग उडी मारून पुढच्या वस्तीत जातो. पुढे २०१३ मध्ये असे दिसले, की या मोठ्या उड्यांमागे हिमॅग्लुटिनिनवरच्या अवघ्या सात जागांमधले बदल आहेत आणि त्या सातही जागा विषाणू पेशीला जिथे चिकटतो त्या खोबणीलगत आहेत. साडेतेरा हजार अक्षरांच्या पोथीत नजर कुठे ठेवायची, हे त्यामुळे उमगले.

दुसरी वाट वंशावळीची. आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले असतात. त्यांत एखादी शाखा पाच पिढ्यांत पानेच्या पाने व्यापते आणि एखादीपुढे ‘निर्वंश’ असा शेरा येतो. एच३एन२ चा कुलवृत्तांत काढला, तर एक विलक्षण गोष्ट दिसते. दर वर्षी असंख्य शाखा फुटतात, पण काही वर्षांनी मागे वळून पाहावे तर एकीखेरीज सगळ्यांपुढे तोच शेरा. झाड आडवे पसरत नाही. एकाच खोडाने उंच जात राहते. म्हणून प्रश्न असा होतो, की आज फुटलेल्या शाखांपैकी उद्याचे खोड कोणती? रॉबिन बुश, वॉल्टर फिच आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हिमॅग्लुटिनिनमधल्या १८ जागा हेरल्या. ज्या शाखेत या जागांवर सर्वाधिक बदल झालेले, तीच पुढे चालेल असे त्यांनी मांडले आणि मागच्या ११ हंगामांवर ताडून पाहिले. ९ वेळा ते बरोबर निघाले. २०१४ मध्ये मार्टा वुक्शा आणि मिखाएल लेसिग यांनी प्रत्येक शाखेच्या सरशीचा हिशेबच मांडला. प्रतिपिंडांना चुकवणारे बदल जमेला, विषाणूच्या स्वतःच्या कामात बिघाड करणारे बदल खर्चाला. त्याच वर्षी रिचर्ड नेहर, कॉलिन रसेल आणि बोरिस श्रायमन यांनी दाखवले, की अशा कोणत्याही जागा ठाऊक नसल्या तरी वंशावळीचा आकारच बोलतो. जी शाखा थोड्या काळात दाट फांद्या काढते, तिच्यात जोर आहे. नेहर आणि ट्रेव्हर बेडफर्ड यांनी ही वंशावळ सतत ताजी ठेवणारी, कोणालाही पाहता येईल अशी व्यवस्था उभी केली.

तिसरी वाट प्रयोगशाळेची. विषाणू उद्या कोणती चूक करेल याची वाट पाहण्यापेक्षा त्याला शक्य असलेल्या सगळ्या चुका आजच करून पाहाव्यात, हा तिचा विचार. सिअॅटलमध्ये जेसी ब्लूम यांच्या गटाने हिमॅग्लुटिनिनमधल्या प्रत्येक जागी प्रत्येक अमिनो आम्ल घालून पाहिले आणि कोणता बदल विषाणूला सोसतो, कोणता त्याला मारतो याची यादी केली. याच पद्धतीने, प्रत्यक्ष माणसांच्या रक्तद्रवातून कोणता बदल निसटतो, हेही तपासता येते. इथे एक महत्त्वाची गोष्ट हाती लागली. जो बदल एका माणसाच्या प्रतिपिंडांना चकवतो, तो दुसऱ्याच्या प्रतिपिंडांपुढे हतबल असू शकतो. प्रत्येकाच्या रक्ताचा इतिहास वेगळा असतो.

चौथी वाट यंत्रशिक्षणाची. विषाणूंच्या लाखो जनुकीय नोंदी संगणकाला भाषेसारख्या वाचायला देऊन, पुढे कोणते रूप बळावेल आणि कोणती लस त्याला भिडेल असा दुहेरी अंदाज काढायचा. एमआयटीमधल्या संशोधकांनी अशी पद्धत २०२५ मध्ये प्रसिद्ध केली. मागच्या दहा हंगामांवर ती तपासली, तेव्हा एच३एन२ साठी तिची निवड नऊ हंगामांत प्रत्यक्ष शिफारशीपेक्षा सरस ठरली. हा निकाल उमेद वाढवणारा आहे. पण होऊन गेलेल्या हंगामांची परीक्षा आणि यायच्या हंगामाची परीक्षा या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. वाचकाने हा भेद मनात ठेवूनच अशा बातम्या वाचाव्यात, असे मला कळकळीने वाटते.

कारण अंदाजाला मर्यादा आहेत आणि त्या केवळ आपल्या अज्ञानाच्या नाहीत. विषाणूच्या चुका योगायोगाने होतात. दोन वेगळे फ्लू विषाणू एकाच पेशीत शिरले, तर त्यांच्या आठ-आठ तुकड्यांची अदलाबदल होऊन अगदी नवेच रूप जन्मते. १९५७, १९६८ आणि २००९ च्या जागतिक साथी अशा अदलाबदलीतून आल्या. त्यांची वेळ वर्तवणे आज कोणाला जमत नाही. शिवाय आपल्या शरीराची स्मृती सरळ नाही. बालपणी ज्या फ्लूची पहिली गाठ पडते त्याची छाप आयुष्यभर राहते, असे थॉमस फ्रान्सिस यांनी १९६० मध्ये मांडले. एच५एन१ हा बर्ड फ्लू १९६८ नंतर जन्मलेल्यांना अधिक जडला, तर एच७एन९ हा दुसरा बर्ड फ्लू त्याआधी जन्मलेल्यांना. ज्याच्या-त्याच्या लहानपणी कोणत्या घराण्यातला विषाणू फिरत होता, त्यावर हे ठरले. म्हणजे माझ्या आईच्या आणि माझ्या मुलीच्या शरीरात एकच लस दोन वेगळ्या आठवणी जागवते.

पण मर्यादित अंदाज म्हणजे निरुपयोगी अंदाज नव्हे. २०२५ मध्ये उत्तर गोलार्धाची शिफारस होऊन गेल्यावर एच३एन२ चा एक उपवंश हिमॅग्लुटिनिनमध्ये सात नवे बदल घेऊन पुढे आला आणि त्या शरदात जपान, ब्रिटन, कॅनडात वेगाने पसरला. लस आणि विषाणू जुळत नव्हते. तरी ब्रिटनमधल्या सुरुवातीच्या पाहणीत रुग्णालय गाठण्याची वेळ टाळण्यात ती मुलांमध्ये ७० ते ७५ टक्के आणि प्रौढांमध्ये ३० ते ४० टक्के उपयोगी दिसली. दर वर्षी जगात फ्लूमुळे श्वसनाच्या विकाराने २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख माणसे दगावतात. त्या आकड्यापुढे चुकलेल्या अंदाजाची ही लसही मोलाची आहे.

आता आपल्या घराकडे येतो. पुणेकर सिमला ऑफिस चौकातून रोज ये-जा करतात. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आले, म्हणून हे नाव. पावसाचा लांब पल्ल्याचा अंदाज बांधण्याची या देशातली परंपरा १८८६ मध्ये हेन्री ब्लॅनफर्ड यांच्यापासून सुरू होते. हिमालयातल्या बर्फावरून त्यांनी अंदाज बांधला. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या वेधशाळांच्या नोंदी एकत्र मांडल्या आणि प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाचा मोठा हेलकावा त्यांना त्या आकड्यांत सापडला. तो कोणत्याही एका वेधशाळेतून दिसणारा नव्हता. आज त्याच पुण्यात, पाषाणच्या बाजूला, मान्सूनचा अभ्यास करणारी उष्णदेशीय हवामान संस्था आहे आणि घातक विषाणू हाताळणारी विषाणू संस्थेची प्रयोगशाळाही आहे. एक पावसाकडे पाहते, दुसरी विषाणूकडे. दोघींचे काम एकाच पायावर उभे आहे. न चुकता ठेवलेली नोंद हा तो पाया.

आपल्याकडे तर पाऊस आणि फ्लू यांचे थेट नाते आहे. पाश्चात्त्य देशांत फ्लू हिवाळ्याचा. आपल्या बहुतेक भागांत तो पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये बळावतो, तर श्रीनगरसारख्या उत्तरेकडच्या गावी हिवाळ्यात. पुणे, दिल्ली, वेल्लोर, श्रीनगर अशा ठिकाणी वर्षानुवर्षे घेतलेल्या नमुन्यांनी हे सिद्ध केले. म्हणजे ऑक्टोबरात लस घेण्याचा युरोपातला रिवाज आपण उचलला, तर आपली साथ तेव्हा उलटून गेलेली असते. महाराष्ट्रासाठी योग्य वेळ पावसाआधीची, एप्रिल-मेची. आमच्या डॉक्टरांनी आईला मे महिन्यात गाठले ते यामुळेच. फ्लूची लस देशाच्या सार्वत्रिक लसीकरणात नाही. ती घ्यायची की नाही आणि कधी घ्यायची, हे ज्याच्या-त्याच्यावर सोपवलेले आहे. म्हणून ही माहिती घरोघरी जायला हवी.

तिची निकड पुण्याने २००९ च्या त्या जागतिक साथीत, ऑगस्टमध्ये पाहिली आहे. बंद शाळा, तोंडाला रुमाल बांधलेली माणसे, नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा मला आजही आठवतात. त्या साथीचा विषाणू गेला नाही. नेहमीच्या हंगामी फ्लूत मिसळून आपल्यातच राहिला. २०१५ मध्ये देशात त्याचे ४२ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि २,९९० माणसे दगावली.

जागतिक अंदाजातही आपले स्थान कडेचे नाही. २०१५ मध्ये जगभरातल्या हजारो विषाणूंच्या वंशावळी ताडून पाहिल्या, तेव्हा असे दिसले, की एच३एन२ जगभर झपाट्याने फिरत राहतो, पण एच१एन१ आणि बी हे फ्लूच्या इतर प्रकारांचे विषाणू भारत आणि चीनसारख्या प्रदेशांत सलग अनेक वर्षे ठाण मांडून बदलत राहतात. इथल्या नोंदी विरळ राहिल्या, तर साऱ्या जगाची वंशावळ तेवढ्या ठिकाणी तुटलेली राहते. नोंदी देणाऱ्याला त्यांचे फळ मिळावे, हाही प्रश्न त्यात आहे. २००७ मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने देणे थांबवले. आमच्या विषाणूपासून झालेली लस आम्हालाच परवडणार नसेल, तर हे कसले सहकार्य, असा त्यांचा सवाल होता. तो रास्त होता. त्यातूनच २०११ मध्ये नमुने आणि लाभ या दोन्हींच्या वाटपाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. अंदाजाचे गणित कितीही पुढे गेले, तरी ते या विश्वासावरच चालते.

पुस्तकाची मांडणी या क्रमानेच आहे. आधी विषाणू, मग पाळतीचा इतिहास, चुकलेले हंगाम, अंदाजाच्या चार वाटा आणि शेवटी भारत. गणित जिथे टाळता आले तिथे टाळले आहे. विचार मात्र कुठे पातळ केला नाही. विज्ञानाची पार्श्वभूमी नसलेल्या वाचकाला समोर ठेवून मी लिहिले. लिहिताना तो वाचक बहुतेक वेळा आईच्याच चेहऱ्याने समोर बसलेला असे.

गेल्या पावसाळ्यात आईला ताप आला. लस घेतली होती, तरी आला. दोन दिवसांत उतरला. ज्या दवाखान्यात नेले तिथे फ्लूच्या पाहणीसाठी काही रुग्णांचे स्वॅब घेत होते. तिच्याही नाकातून घेतला. डोळ्यांत पाणी आले, तसे तिने विचारले, “याचं आता काय करणार?” तिथल्या मुलीने सांगितले, “आजी, कुठला विषाणू आहे ते बघायला लॅबला पाठवणार.” घरी येताना रिक्षात मी तिला सांगितले, की या नमुन्यात विषाणू सापडला, तर त्याची अक्षरे वाचली जातील, जगाच्या वंशावळीत तो एका फांदीच्या टोकावर बसेल आणि सप्टेंबरात लस ठरवायला बसलेल्या लोकांपुढे तो ठिपका असेल. तिने दोन वर्षांपूर्वी विचारले होते, आधी कसं कळतं म्हणून. मी म्हटले, “असं कळतं, आई.” तिने रुमालाने नाक पुसले आणि म्हणाली, “मग पुढच्या वर्षीची लस त्यांना नीट करता येऊ दे.”